आप्पांची न फसण्याची शिकवणी

आप्पा टिपणिसांच्या घरून निघताना चपला घालायच्या आधी आपले खिसे चाचपायचे, असा आमच्या पनवेलीत रिवाज होता. चाचपून काही उपयोग नसे, ते वेगळं. खिशातलं पेन, रुमाल, चष्म्याचं घर, मनगटावरचं घड्याळ, सगळं केव्हाच आप्पांकडे गेलेलं असायचं. तुम्ही "येतो हं आप्पा" म्हणून उठलात की ते आत हाक मारायचे, "अगं, तबक आण." काकू पितळेचं तबक आणून पुढे धरायच्या आणि आप्पा आपल्या बाह्यांतून, कमरेतून, बसल्या चटईखालून एकेक वस्तू काढून त्यात मांडायचे. हळदीकुंकवाला वाण द्यावं तसं ते तबक मग तुमच्यासमोर यायचं.

"आप्पा, घड्याळ कधी काढलंत हो?"

"तुम्ही सरकारला शिव्या देत होतात तेव्हा. शिव्या देताना माणूस हात हलवतो. हात हलवणाऱ्याचं घड्याळ काढायला काही अक्कल लागत नाही."

एकदा मामलेदार आले होते. त्यांची बोटातली अंगठी तबकात निघाली. मामलेदार घाम पुसत म्हणाले, "टिपणीस, तुम्ही सज्जन आहात म्हणून बरं. नाहीतर मी तुम्हाला आतच टाकलं असतं." आप्पा म्हणाले, "टाकलं असतंत, पण किल्ल्या कुठायत?" किल्ल्यासुद्धा तबकात होत्या.

आता नव्या माणसाला वाटेल, काय हा चोरटा म्हातारा! तसं काही नव्हतं. आप्पांनी उभ्या जन्मात कुणाची काडी घेतली नाही. ते बोटीवर कारकून होते. उतारूंच्या तक्रारी लिहून घेणं हे त्यांचं काम, आणि उतारूंची तक्रार म्हणजे दर बंदरात एकच, मला फसवलं. एडनला पितळ सोनं म्हणून विकलं, पोर्ट सैदला कुणी घड्याळ लांबवलं, नेपल्सला कोटावर कुणी काहीतरी सांडलं आणि पुसायला आलेला पाकीट घेऊन गेला. वर्षानुवर्षं या कहाण्या ऐकून आप्पांना ठगांचं व्यसन लागलं. बोट बंदराला लागली की बाकीचे बाजारहाट करायला उतरायचे, आप्पा ठग बघायला उतरायचे. सैदच्या बंदरात लोकांच्या सदऱ्यातून कोंबडीची पिल्लं काढणारे जादूगार असत. त्यातल्या एकाला गाठून आप्पांनी चहा पाजून पाजून त्याची विद्या घेतली. पनवेलीत कोंबडीची पिल्लं काढणं काकूंना चालेना, म्हणून घड्याळांवर भागवायचं, एवढंच.

नोकरी संपवून आप्पा वडाळे तळ्याजवळच्या आपल्या घरी येऊन राहिले आणि त्यांनी शिकवणी काढली. परदेशी जाणाऱ्यांना न फसण्याची शिकवणी. फी नाही, पाटी नाही, वेळापत्रक नाही. पनवेल-उरणकडचा कुणी बोटीवर चढणार असं कानावर आलं की आप्पा स्वतः त्याच्या घरी हजर. लोक पासपोर्टासाठी मुंबईला खेटे घालायचे आणि बाकीच्या वेळात आप्पांकडे.

माझा नंबर लागला तेव्हा मी विशीत होतो. आमचा छापखाना होता. लग्नपत्रिका, तमाशाची हँडबिलं, झालंच तर निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही बाजूंची पत्रकं. वडिलांच्या मनात आलं की पोराने लंडनला जाऊन छपाईच्या नव्या यंत्रांचं शिक्षण घ्यावं. गावात अजून पेढे वाटून झाले नव्हते तोच आप्पा दारात.

"विन्या, कोट शिवलास?"

"शिवला ना. कालच आला." मी ऐटीत घालून दाखवला. काळा, लोकरीचा, ठाण्याहून शिवून आणलेला.

आप्पांनी कोटाकडे डोळे भरून पाहिलं, "छान आहे हो," म्हणाले, आणि माझ्या हातातली चहाची बशी अशी काही कलंडली की सगळा चहा छातीवर. मी ओरडलो. आप्पा "अरेरे! अरेरे!" करत पुढे आले, रुमालाने कोट पुसला, "काही होत नाही, वाळेल," म्हणाले आणि बसले. माझी आई आतून धावत आली. तिच्यासमोर आप्पांनी माझं पाकीट टेबलावर ठेवलं.

"पहिला धडा. कोट पुसू द्यायचा नाही. चहा पडला, पडू दे. आग लागली, लागू दे. दुसऱ्याने कोट पुसला की पाकीट गेलं."

"अहो, पण नवा कोट!" आई म्हणाली.

"वहिनी, जुन्या कोटावर माणूस इतका ओरडत नाही. शिकायला ओरडावं लागतं."

असल्या शिकवणीत माझा महिना गेला. रस्त्यात अंगठी सापडायची, उचलली की कोपऱ्यावरून आप्पा, "पडलास! पितळ आहे ते!" एसटी स्टँडवरून घरी यायला टांग्यात बसलो, तर उस्मानभाईने मला तळ्याला प्रदक्षिणा घालून पुन्हा स्टँडवरच आणून सोडलं. जन्म पनवेलीत गेला आणि मी आपला पेपर वाचत आरामात बसलेला! उस्मानभाई बिचारा शरमून म्हणाला, "आप्पा बोले, इसको घुमाव. माफ करना, भाई." परदेशात टॅक्सीवाले कसे फिरवतात त्याचा तो धडा होता.

आणि एकदा तर आप्पा रामाच्या देवळाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला गंभीरपणे सांगत होते, "देऊळ आज बंद आहे. त्यापेक्षा मी तुम्हाला दुसरं दाखवतो." रोम-पॅरिसकडे म्हणे मोठमोठ्या वास्तूंसमोर असे गृहस्थ उभे असतात आणि भोळ्या माणसाला गालिच्याच्या दुकानात नेऊन सोडतात. धडा माझ्यासाठी होता. सापडली माझी आत्या. ती नेऱ्याहून खास दर्शनाला आलेली, तशीच उलट पावली परत गेली. नंतर कळल्यावर तिने आप्पांचा असा काही उद्धार केला की आप्पा आठवडाभर आमच्या आळीतून गेले नाहीत.

पण या सगळ्या धड्यांचा राजा म्हणजे हसण्याचा धडा. आप्पांचं पालुपदच होतं, "हसला का? मग संपलं." परक्या मुलखात जो आधी हसतो तो ठग. त्यातून तो तुमचं नाव घेऊन हसला तर पक्का ठग. आणि तुमच्या भाषेत बोलून हसला, तर सामान टाकून पळायचं. हा धडा आप्पा बाजारातसुद्धा गिरवायचे. गव्हाणची जनाबाई मासे घेऊन बसायची. ती हसली की आप्पा माझ्या बरगडीत कोपर मारायचे, "बघ, हसली! संपलं!"

जनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मंग हसू नको तर काय रडू? तुमाला म्हावरं घेयाचं हाय का नाय?"

आप्पा निमूट दोन बोंबील जास्तच घ्यायचे. तिच्याशी त्यांनी कधी घासाघीस केल्याचं मी पाहिलं नाही.

हसणाऱ्या माणसाला द्यायचं उत्तरही ठरलेलं होतं. "नो, थँक यू. आय लिव्ह हिअर." आपण इथलेच आहोत म्हटलं की ठग गार होतो, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून इतकं घोकून घेतलं की मी झोपेत बडबडायला लागलो. वडील म्हणाले, "याला लंडनला पाठवायच्या आधी ठाण्याच्या इस्पितळात पाठवावं लागेल."

हे सगळं हसण्यावारी जात होतं. पण आप्पांची शिकवणी नुसती गंमत नव्हती, आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा मधू लंडनला होता. शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि नोरा नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. त्या दिवसापासून आप्पांनी त्याचं नाव टाकलं. कुणी विषय काढलाच तर एवढंच म्हणायचे, "माझ्या पोराला फसवलं. मी गावाला शिकवतो आणि माझाच पोरगा पहिल्या हसण्याला गेला."

मधूचं म्हणणं एकच होतं. आप्पांनी 'दोघं या' म्हणावं, आम्ही पुढच्या बोटीने येतो. आप्पांचं म्हणणंही एकच, यायचं तर एकट्याने ये. काकूंचं म्हणणं कुणी विचारत नव्हतं. काकूंना मुलगा बघायचा होता. मधूची पत्रं आमच्या छापखान्याच्या पत्त्यावर येत आणि काकू दुपारी पापड लाटायच्या निमित्ताने आमच्याकडे येऊन आईकडून ती वाचून घेत. पापड कधी लाटलेच जात नसत. आप्पांना हे ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. एवढं खरं की काकू आमच्याकडे यायला निघाल्या की ते मुद्दाम पेपर तोंडासमोर धरून बसत.

मी निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. कडवे वाल. "मधूला दे. बिरडं त्याला फार आवडतं रे. तिथे कुठलं मिळायला? आणि सांग..." पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या.

आप्पा झोपाळ्यावर होते. "कशाला सामान वाढवते त्याचं," म्हणून पुटपुटले. मग उठले, पुरचुंडी माझ्या हातातून घेतली, काकूंची गाठ सोडून स्वतः बोटीवरची घट्ट गाठ मारली आणि परत दिली. "वाटेत सांडायला नको," एवढंच म्हणाले.

प्रवासात मी आप्पांचं नाव राखलं. एडनला अंगठी घेतली नाही, सैदच्या बंदरात कोंबडीचं पिल्लू निघायच्या आत सदरा आवळून धरला, आणि जो कुणी दात दाखवेल त्याला ऐकवलं, "नो, थँक यू. आय लिव्ह हिअर." हे वाक्य मी बोटीच्या कप्तानालाही ऐकवलं. तो बिचारा गुड मॉर्निंग म्हणत होता.

मधूने धक्क्यावर घ्यायला यावं, असं आईने वसतिगृहाच्या पत्त्यासकट त्याला कळवून ठेवलं होतं. लंडनच्या धक्क्यावर उतरलो. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत वाल. थंडीने दातांवर दात आपटत होते. मधू कुठे दिसेना. तेवढ्यात एक तांबूस केसांची बाई गर्दीतून थेट माझ्याकडे आली. हसली. म्हणाली, "विनू?"

हसली, नाव घेतलं! आता भाषा बोलली की झालं, असं मी मनात म्हणतोय तोच ती हात जोडून मराठीत म्हणाली, "नमस्कार. तू कसा आहेस? जेवलास काय?"

तुम्ही हसाल. पण तुम्हाला महिनाभर आप्पांनी शिकवलेलं नाही. मी ट्रंक छातीशी धरली आणि ओरडलो, "नो, थँक यू! आय लिव्ह हिअर!"

ती गोंधळली. माझ्या ट्रंकेकडे, बोटीकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहून तिने इंग्रजीत विचारलं, "इथेच राहतोस तर एवढं सामान घेऊन कुठे निघालास?"

याचं उत्तर आप्पांनी शिकवलं नव्हतं.

ती सांगू लागली की मी नोरा, मधूची बायको, त्याची कामाची पाळी बदलली म्हणून मला पाठवलं. 'तुमच्या मित्राने पाठवलं' हे तर ठगाचं ठरलेलंच वाक्य! तिने पर्समधून मधूचा फोटो काढला. फोटो काय, कुणाच्याही खिशातून काढता येतो. मी स्वतः पनवेलीत पाहिलेलं. शेवटी तिने मदतीला म्हणून माझ्या पिशवीला हात घातला आणि मी पिशवी तिथेच सोडून ट्रंक घेऊन पळालो. समोर दिसली त्या टॅक्सीत बसलो. टॅक्सीवाला मुळीच हसला नाही. तेव्हा माणूस सज्जन, असं मी धरून चाललो. त्या सज्जनाने मला इतकं फिरवलं की एकाच घड्याळाच्या मनोऱ्याखालून आम्ही पुन्हा पुन्हा गेलो आणि मी दर वेळी म्हणत होतो, वा, लंडनात मनोरे फार!

वसतिगृहात पोचून पलंगावर बसलो आणि आठवलं, वाल! पिशवी गेली, तिच्यात काकूंचे वाल गेले. माझं लंडनचं सगळं कौतुक उतरलं. आता काकूंना काय तोंड दाखवू?

संध्याकाळी दार वाजलं. मधू उभा, आणि त्याच्यामागे तीच तांबूस केसांची बाई. हातात माझी पिशवी. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मधू हसून हसून भिंतीला टेकला होता. नोरा मात्र गंभीरपणे मला म्हणाली, "तुझ्या शिक्षकांनी फार चांगलं शिकवलंय. मी ठग असते तर आज उपाशी राहिले असते."

मी माफी मागायला लागलो तर तिने ऐकूनच घेतलं नाही. मधू हसायचा थांबला. पिशवीतली पुरचुंडी त्याने बाहेर काढली, गाठीवरून बोट फिरवलं. "ही आप्पांची गाठ," तो म्हणाला. "आईला अशी येत नाही." आणि ती गाठ तो बराच वेळ सोडेचना.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. बिरडं होतं. आता बिरडं म्हणजे काय प्रकरण आहे, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून उबेला ठेवून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल सोलायचा. एकेक. घरात चार बायका असल्या तर गप्पांत होऊन जातं. एकटीला करायचं म्हणजे सत्त्वपरीक्षा. त्यातून लंडनची थंडी! वालांना मोड येईनात. नोराने मधूला विचारलं, तुझी आई काय करते? मधूला एवढंच ठाऊक, आई कशात तरी बांधून ठेवते. तेव्हा या बाईने ते वाल आपल्या फ्लॅनेलच्या परकरात गुंडाळले, गरम पाण्याची रबरी पिशवी त्यांच्याखाली घातली आणि रात्री चक्क पांघरुणात घेऊन झोपली. मोड आले. मग शनिवारी मधू कामावर गेल्यावर स्वयंपाकघरात बसून सगळे सोलले. बोटांची टोकं सुरकुतून पांढरी पडली होती, ती तिने मला अभिमानाने दाखवली.

चव? चवीचं विचारू नका. नारळ नाही, कोकम नाही, मीठ दोनदा पडलेलं. पण मधू खाली मान घालून जेवत होता आणि मधेच उठून तोंड धुवायला गेला.

शिक्षण संपवून मी पनवेलीला परत आलो. दुसऱ्याच दिवशी आप्पांनी बोलावणं धाडलं. परत आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची ते तोंडी परीक्षा घेत. झोपाळ्यावर ते, समोर पाटावर मी, आणि आतल्या दाराआड काकू. काकूंचा पदर तेवढा दिसत होता.

"एडन?"

"काही गेलं नाही."

"सैद?"

"सदरा आवळून धरला."

"शाब्बास. लंडन?"

मी धक्क्यावरची हकीकत सांगितली. ती हसली, नाव घेतलं, मराठीत बोलली, आणि मी पळालो. आप्पांची छाती फुगली. "बघ! ऐकतेस का गं? पोराने नाव काढलं!"

"आप्पा," मी म्हटलं, "ती नोरा होती."

झोपाळा थांबला. काकूंचा पदर दारातून आत ओढला गेला.

मग मी सगळंच सांगून टाकलं. न हसणाऱ्या टॅक्सीवाल्याने कसं लुबाडलं, ज्या बाईला मी ठग ठरवलं तीच पिशवी घेऊन कशी दारात आली, आणि वालांना तिने मोड कसे आणले. परकराचं सांगताना मला जरा संकोच वाटला, तरी सांगितलं. माझं बोलून झाल्यावर आप्पांनी विचारलं,

"सोलले कुणी?"

"तिनेच."

"सगळे?"

"सगळे, आप्पा. एकटीने."

"मोलकरीण असेल."

"मोलकरीण कुठली? तिथे भांडीसुद्धा मधू घासतो."

"आणि तू बघितलंस? की तिने नुसतं सांगितलं?"

"बोटं बघितली."

आप्पा उठले. ओटीवर येरझारा घालायला लागले. मी त्यांना इतकं अस्वस्थ झालेलं कधी पाहिलं नव्हतं. शेवटी खांबाशी थांबून ते तळ्याकडे बघत स्वतःशीच बोलावं तसं बोलले, "ठगाला सवड नसते रे. मी एवढी बंदरं पालथी घातली. ठग हसेल, गोड बोलेल, वेळ पडली तर रडेलसुद्धा. पण बसून वाल सोलणारा ठग मी कुठल्या बंदरात पाहिला नाही."

आतून काकूंच्या रडण्याचा आवाज आला. आप्पा एकदम कडाडले, "रडतेस काय! तुझ्या मुलाला कळव. म्हणावं, लांबच्या प्रवासाला एकट्याने निघू नये. सामानावर लक्ष ठेवायला दुसरं माणूस लागतं."

काकू दारात आल्या. डोळे पुसायचंही भान नव्हतं. "म्हणजे... दोघांना?"

"मी काय म्हणालो? सामानावर लक्ष ठेवायला माणूस लागतं, म्हणालो. प्रवासाचा नियम आहे तो. त्यात माझं काय आहे?"

ती दोघं आली ती थंडीच्या दिवसांत. आप्पा मुंबईच्या धक्क्यावर पहाटेपासून जाऊन उभे. काकूंनी मधूला मिठी मारली, नोराला मिठी मारली, चुकून मलाही मारली. आप्पांनी फक्त ट्रंका मोजल्या, "एकही गेली नाही. बरं आहे," म्हणाले आणि हमालाशी भांडायला निघून गेले. एसटीत पनवेलीपर्यंत ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, पाठ आमच्याकडे करून बसले होते. मधू माझ्याकडे बघे, मी काकूंकडे, काकू खिडकीबाहेर. नोरा मात्र त्या पाठीकडेच बघत होती. मला वाटलं, झालं! एवढ्या लांबून आणलं आणि हा म्हातारा तिला पाठच दाखवणार.

दुपारची जेवणं झाली. मधू प्रवासाने दमून झोपला, काकू मागे आवराआवर करत होत्या. ओटीवर आप्पा झोपाळ्यावर, नोरा वेताच्या खुर्चीत आणि मी जिन्याच्या पायरीवर. मी आता निघावं म्हणून उठतोय, तेवढ्यात आप्पांनी घसा साफ केला आणि आपल्या बोटीवरच्या इंग्रजीत सुरुवात केली. मी ते आपल्या भाषेत सांगतो.

"हे बघ मुली. तू परदेशात आलेली आहेस. हे पनवेल आहे. इथे तुला फसवतील."

नोरा सावरून बसली. "हो?" ती म्हणाली.

"हो. म्हणून सांगतो, ते ऐकून ठेव. टांगेवाला गोरं माणूस बघितलं की दुप्पट मागेल. आधी भाव ठरवायचा, मग पाय ठेवायचा. कासार तुला सांगेल की या बांगड्या फुटत नाहीत. फुटतात. कोळणीकडे वरचा मासा ताजा असतो, खालच्यांना हात लावून बघायचं. आळीतल्या बायका तुला म्हणतील, किती गं वाळलीस, आणि खायला घालतील. त्यांना थांबवायचं कुणालाच जमलेलं नाही, तेव्हा थोडंथोडंच खायचं. हा विन्या आहे ना, हा तुझ्याकडची पुस्तकं मागेल. देऊ नकोस, परत करत नाही."

"बरं," नोरा म्हणाली. ती एकेक सूचना डोक्यात पक्की करत असल्यासारखी मान हलवत होती. "आणखी?"

आप्पांनी झोपाळा पायाने थांबवला. मला वाटलं, शिकवणी संपली.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "तो सगळ्यांत लबाड. याच घरात राहतो. म्हातारा आहे. तू आल्याचं त्याला काहीच नाही, असं दाखवतो. पाठ फिरवून बसतो. कितीतरी वर्षं हेच सोंग चाललंय त्याचं, स्वतःच्या मुलाशीसुद्धा. खूप जण फसले. तू फसू नकोस."

नोराचे डोळे भरून आले होते. तिने हळूच विचारलं, "मग त्याच्याशी कसं वागायचं?"

"काही नाही करायचं," आप्पा म्हणाले. "दमलाय तो आता. त्याच्याजवळ येऊन बसायचं, बस."

आणि झोपाळ्यावरची उशी उचलून त्यांनी आपल्या शेजारी जागा केली.